एका घासाच्या कोशिंबिरीला पाणी का सुटतं, पुरी का सादळते, आणि त्यावर काय करायचं

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला भाच्याच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. चाळीस बायका येणार होत्या. जेवण आचाऱ्याकडे दिलं होतं. पण उन्हातून आल्या आल्या हातात द्यायला काहीतरी गार, हलकं, एका घासात संपणारं मी करणार होते. शेवपुरीच्या पुरीवर काकडी-टोमॅटो-दही, काकडीच्या वाट्यांमध्ये मोड आलेले मूग आणि टूथपिकला द्राक्ष-पनीर असा बेत होता. साडेअकराला सगळं भरून, वर कोथिंबीर पेरून तीन ट्रे ओट्यावर ओळीनं मांडले. दिसायला फार सुंदर दिसत होते.

मग ओटी भरणं झालं, औक्षण झालं, नाव घ्यायचा आग्रह झाला, फोटो झाले. सव्वाबाराला ट्रे उचलला तर कडेला फिकट गुलाबी पाणी जमलेलं. पुऱ्यांचे तळ पाण्यात बसून पांढरट, फुगीर झाले होते. धाकट्या जाऊबाईंनी एक उचलली तर ती बोटांतच वाकली आणि दही मनगटावर ओघळलं.

"वैनी, ह्यात एवढं पाणी कुठनं आलं? सकाळी तर कोरडं होतं की!"

सासूबाई शेजारी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचं माहेर तासगावकडचं, चुलीपाशी साठ वर्षं गेलेली. त्यांनी ट्रेकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मीठ कवा घातलंस गं?"

मीठ मी अकराला घातलं होतं.

त्यानंतर आजवर नात्यातल्या, गल्लीतल्या कितीतरी बारशांना, हळदीकुंकवांना, वाढदिवसांना मी हे छोटे घास करून दिले. "तुमची रेसिपी तंतोतंत केली, तरी पाणी सुटलं" असा कुणाचा फोन आला की मीही आधी तोच प्रश्न विचारते. दहातल्या आठ वेळा उत्तर त्यातच असतं. कृती बरोबर असते, साहित्य बरोबर असतं, मीठ लवकर पडलेलं असतं.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

दुरुस्ती करायची तर पाणी येतंय कुठून हे कळायला हवं. घरात करून बघता येईल अशी एक सोपी परीक्षा सांगते. पाव किलो काकडी सोलून बारीक चिरा आणि दोन चाळण्यांत निम्मी निम्मी घाला. प्रत्येक चाळणीखाली एक वाटी ठेवा. एका चाळणीतल्या काकडीला पाव चमचा मीठ चोळा, दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासानं बघा. मिठाच्या काकडीखाली एक-दोन मोठे चमचे पाणी जमलेलं असतं आणि काकडी मऊ, काचेसारखी पारदर्शक दिसायला लागते. बिनमिठाच्या वाटीत चार थेंब असतात.

काकडीत वजनाच्या सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. टोमॅटोत ९४ टक्के, मुळ्यात ९५, कोबीत ९२, गाजरात ८८. हे पाणी पेशींच्या आत कोंडलेलं असतं, म्हणून तर काकडी करकरीत लागते. बाहेरून मीठ पडलं की पेशीच्या भिंतीपलीकडे खारट द्रव तयार होतो आणि आतलं पाणी तिकडे ओढलं जातं. साखरही हेच करते. आपल्या कोशिंबिरीत मिठाबरोबर चिमूटभर साखर जातेच, त्यामुळे आपल्या हातून पाणी ओढणारे दोन पदार्थ एकदम पडतात. लिंबाचा रस आणि व्हिनेगर जरा सावकाश काम करतात, पण तासाभरात तेही भाजीला मऊ करतात.

म्हणून एक गोष्ट पक्की धरायची: चिरलेल्या भाजीला मीठ लागलं त्या मिनिटापासून वेळ मोजायला सुरुवात होते. पूर्ण बेत त्या मिनिटापासून मागं मोजत आखायचा.

पाण्याच्या आणखी दोन वाटा असतात आणि त्या लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे धुतलेलं पाणी. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पानं धुऊन, झटकून तशीच वापरली जातात. पानांच्या घड्यांत अडकलेलं पाणी नंतर खाली उतरतं. धुतल्यावर सुती पंचावर पसरून, वरून दुसरा पंचा दाबून कोरडी करायची आणि मगच चिरायची. दुसरी वाट दह्याची. घट्ट कवडीचं दही एकदा चमच्यानं ढवळलं की त्याची जाळी मोडते आणि निवळी सुटायला लागते. वाटीतल्या कोशिंबिरीत ती चालते, पुरीवर चालत नाही.

काकडीचं काय करायचं

इथं दोन रस्ते आहेत. कुठला घ्यायचा हे घास कशावर बसणार आहे त्यावर ठरतं.

पुरी, खाकरा, बिस्किट असा कोरडा तळ असेल तर पाणी आधीच काढून टाका. काकडी लांबीत अर्धी करून चमच्याच्या टोकानं मधला बियांचा भाग ओरबाडून काढायचा. सगळ्यात जास्त पाणी त्या बुळबुळीत भागात असतं. टोमॅटोचंही तसंच, आतली बियांची जेली काढून फक्त बाहेरचा मांसल भाग घ्यायचा. मग बारीक चिरून अर्धा किलोला एक लहान चमचा मीठ लावून अर्धा तास निथळत ठेवायचं. नंतर पंचात घेऊन पिळायचं. हळू हातानं, पुन्हा पुन्हा, शेवटी थेंब पडायचा थांबेपर्यंत. या काकडीची करकर थोडी कमी होते पण चव एकवटते, आणि ती पुरीवर निदान पाऊण तास तरी गप्प बसते. वरून आणखी मीठ घालायच्या आधी चाखा, बहुतेक वेळा लागत नाही. पिळलेलं खारट पाणी टाकू नका, थालीपिठाचं पीठ त्यात मळा.

काकडीची करकर हवीच असेल, म्हणजे खमंग काकडी चमच्यातून किंवा काकडीच्याच वाटीतून द्यायची असेल, तर उलटा रस्ता धरा. चिरून, कोरडी करून, बिनमिठाची फ्रिजमध्ये ठेवा आणि मीठ-साखर-लिंबू वाढण्याच्या अगदी आधी, पाच मिनिटं राहिली की घाला. फोडणी मात्र पूर्ण गार करून मिठाच्या आधी कालवा. तेलाचा पातळ थर फोडींवर बसला की मीठ शिरायला थोडा उशीर लागतो. गरम फोडणी ओतली तर काकडी तिथंच शिजल्यासारखी होते.

आणि दाण्याचं कूट. आपण समजतो कूट खमंगपणासाठी असतं. ते खरंच आहे, पण कूट सुटलेलं पाणी शोषून धरतं हा त्याचा दुसरा उपयोग आहे. पिळलेल्या एक वाटी काकडीला दोन मोठे चमचे कूट पुरतं. कूट जाडसर हवं आणि दाणे नीट खरपूस भाजलेले हवेत. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर तेल सुटतं आणि मग ते पाणी धरत नाही. पंढरपुरी डाळं कोरडं दळून एक चमचा घातलं तरी चालतं. पण कूट घातलं म्हणून निश्चिंत होऊ नका. तासाभरानं तेही ओलं होऊन लगदा होतो.

आमच्या भागातली एक वस्तू मी यासाठी फार वापरते, ती म्हणजे बेदाणा. सांगली-तासगाव हा बेदाण्याचाच पट्टा, घरात डबा भरलेला असतोच. पिळलेल्या काकडीत किंवा किसलेल्या गाजरात मूठभर बेदाणे, भिजवल्याशिवाय, कोरडेच टाकायचे. उरलासुरला रस ते ओढून घेतात आणि स्वतः टपोरे होतात. ताटाखाली पाणी जमत नाही आणि साखर वेगळी घालावी लागत नाही, म्हणजे पाणी ओढणारी एक वस्तू आपोआप कमी होते. गाजर, कोबी, बेदाणे, थोडं मिरपूड आणि चक्का, हे सारण माझ्या हातून आजवर कधी बिघडलेलं नाही.

दही नको, चक्का हवा

अर्धा किलो दही मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, खाली भांडं घालून फ्रिजमध्ये चार-पाच तास ठेवलं की सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबट होतो. वेळ नसेल तर डेअरीतून तयार चक्का आणा, पण आणल्यावर बोटानं दाबून बघा. ओलसर वाटला तर तासभर तोही टांगा.

चक्क्यात मीठ, हिरवी मिरची, जिरेपूड घालून ठेवली तरी हरकत नाही. पण चिरलेली भाजी त्यात आधी कालवून ठेवू नका. चक्का एका डब्यात, भाजी दुसऱ्या डब्यात. दोघांची गाठ शेवटच्या पंधरा मिनिटांत पडू द्या.

पुरी सादळते

ओल्या वस्तूतून कोरड्या वस्तूकडे ओल जाते, दोन्ही सारख्या होईपर्यंत. याला इलाज नाही. आपण फक्त मध्ये काहीतरी आडवं घालू शकतो किंवा वेळ कमी करू शकतो.

पुस्तकांत सांगतात की बिस्किटाला आधी लोण्याचा थर लावा, ओल शिरत नाही. थंडीत हे उत्तम चालतं. डिसेंबर-जानेवारीत मी स्वतः करते. पण एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी पारा ३८-४० वर असताना लोणी वितळून खालीच शिरतं आणि बिस्किट तेलकट होऊन मऊ पडतं. उन्हाळ्यात थर द्यायचा तर किसलेल्या चीजचा द्या, किंवा पुरीच्या तळाशी कोरडं केलेलं कोबीचं नाहीतर सॅलडचं पान नाण्याएवढं कापून ठेवा आणि त्यावर सारण घाला. पान वाटीसारखं काम करतं. पाहुण्यांना ते दिसतही नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर उन्हाळ्यात कोरडा तळ सोडूनच द्या. ज्याचा तळच ओलसर आहे त्याला सादळायची भीती नाही. काकडीच्या वाट्या करा, छोटे बटाटे उकडून अर्धे करून मध्ये खळगा करा, सिमला मिरचीचे चौकोनी तुकडे होडीसारखे वापरा, किंवा कोबीचं कोवळं पान. कुरकुरीतपणा हवा असतो म्हणून लोक पुरीच धरून बसतात. तो वरून द्या. वाढायच्या क्षणी प्रत्येक घासावर चार दाणे भडंगाचे टाका. आपल्या सांगलीच्या भडंगाइतकं कुरकुरीत आणि लसणाच्या वासाचं दुसरं काय मिळणार? भडंग आधी टाकलं तर तेही मऊ पडतं, म्हणून ट्रे हातात घेतल्यावर, दारातच.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये पुरी सारणामुळे सादळलीच असं नसतं, ती डब्यातच सादळलेली असते. भरायच्या आधी एक पुरी नुसती खाऊन बघा. कडक आवाज आला नाही तर ओव्हनमध्ये १२० अंशांवर सहा-सात मिनिटं, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर उलटपालट करून घ्या. मग पंख्याखाली पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना डब्यात भरल्या तर स्वतःच्याच वाफेनं पुन्हा मऊ पडतात.

काकडीच्या वाट्या नीट जमत नाहीत

काकडी बारीक आणि सरळ निवडा. जाड काकडीत बिया जास्त आणि घासही मोठा होतो. देठाकडचा तुकडा कापून चाखायचाच. कडू लागला तर पुढचाही थोडा चाखा, आणि तोही कडू असेल तर ती काकडी बाजूला टाका. कडूपणा मसाल्यानं झाकत नाही आणि फार कडू काकडीनं पोट बिघडतं. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून वरून खरवडायचे, तळाला अर्धा सेंटिमीटर सोडायचं. लहान मुलांच्या औषधाबरोबर येणारा प्लॅस्टिकचा छोटा चमचा यासाठी छान पडतो. वाट्यांना आतून मीठ लावू नका. कोरड्या पंचावर दहा मिनिटं पालथ्या ठेवा, निथळतात. सारणातच जे मीठ आहे ते पुरतं.

वाटीत काय भरायचं? मिरज-सांगलीच्या बऱ्याच घरांत कर्नाटकाची ये-जा, त्यामुळे भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी आपल्याला परकी नाही. मूगडाळ एक तास भिजवून, चाळणीत पूर्ण निथळून, ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर आणि हिंग-मोहरीची गार फोडणी. डाळीला पाणी सुटत नाही, उलट ती थोडं शोषते. चैत्रात कैरी घातलेली वाटली डाळ भरा, तीही तितकीच टिकाऊ. हळदीकुंकवाला डाळ आणि पन्हं देतोच, तीच डाळ काकडीच्या वाटीतून दिली की ताट-चमचा लागत नाही.

मोड आलेले मूग

त्या डोहाळजेवणाला मी मूग कच्चे ठेवले होते आणि ते मला आजही खुपतं. पाणी सुटण्यापेक्षा ती मोठी चूक होती.

मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, आणि ते दाण्याच्या आत शिरलेले असतील तर धुऊन जात नाहीत. गरोदर बाईनं, लहान मुलांनी, वयस्कर माणसांनी आणि आजारी माणसांनी कच्चे मोड खाऊ नयेत. डोहाळजेवणात तर जिच्यासाठी सगळा थाट, तीच गरोदर असते. मूग, मटकी जे असेल ते चांगलं वाफ येईपर्यंत पाच-सात मिनिटं वाफवा, पसरून गार करा, मग वापरा. वाफवल्यावर चव बिघडत नाही, उलट लिंबू आणि मसाला नीट मुरतो. तिच्या ताटात जाणारी पानं, कोथिंबीरही वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवायची.

दही, चक्का, पनीर, चीज, अंडं, वाफवलेली कडधान्यं हे सगळं ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात फार वेळ राहू नये. साधारण नियम दोन तासांचा आहे, आणि बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त असेल तर एका तासाचा. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी हा एक तासच धरायचा. मी परातीत बर्फ पसरते, वर पंचा आणि त्यावर ट्रे. उन्हात मांडव असेल तर ट्रे घरातच ठेवून वीस-वीसचे घास बाहेर नेते. तासानंतर उरलेलं परत फ्रिजमध्ये ठेवून संध्याकाळी देऊ नका.

वेळ कुठून मोजायची

पत्रिकेवर बारा लिहिलं असेल तर बाराला कुणी घास उचलत नाही. औक्षण, ओटी, गाणी, आहेर. म्हणून यजमानीणबाईंना आधीच विचारायचं, "ताई, पहिला ट्रे नक्की कधी फिरवायचा?" त्यांनी साडेबारा सांगितलं तर मी पाऊण धरते.

आदल्या रात्री चक्का बांधते, कूट करते, पानं धुऊन पंचात गुंडाळून ठेवते. सकाळी सगळं चिरून वेगवेगळ्या डब्यांत, बिनमिठाचं. सव्वाअकराला पिळायच्या काकडीला मीठ. पावणेबाराला पिळून पुन्हा फ्रिजमध्ये. साडेबाराला काकडी, कूट आणि चक्का एकत्र. ओटीतली शेवटची बाई उठली की भरायला सुरुवात, आणि भरायचे ते फक्त पहिले वीस. ते फिरेपर्यंत पुढचे वीस. दोन हात मदतीला असतील तर चाळीस बायकांना कधीच कमी पडत नाही. पुढं जेवण असेल तर माणशी चार-पाच घास पुरतात, नुसता चहा-फराळ असेल तर आठ धरा.

एकटीनं करायचं असेल तर प्रकार दोनच ठेवा. तीन-चार प्रकारांचा हट्ट धरला की लवकर भरून ठेवावे लागतात आणि पुन्हा तेच पाणी.

बारीकसारीक तक्रारी

सफरचंद, पेर काळे पडतात: एक लिटर गार पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून फोडी पाच-दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यातून काढून कोरड्या करा. लिंबू चोळलं तरी चालतं, पण चव आंबट होते.

बीटानं सगळं लाल होतं: बीटाचा रंग पाण्यात विरघळणारा आहे, तो पसरणारच. बीट सारणात कालवू नका, सगळ्यात शेवटी वर दोन तुकडे ठेवा. वर लाल दाणा हवा असेल तर डाळिंब घ्या. आटपाडीचं डाळिंब तर आपल्याच जिल्ह्यातलं, आणि दाणा फुटला नाही तोवर एक थेंब रस सुटत नाही.

कांद्याला वास येतो: लवकर चिरलाय. अगदी शेवटी चिरा, गार पाण्यात दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा.

पानं कोमेजली: बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा, पुन्हा ताठ होतात. पण एकदा तेल-लिंबाचं मिश्रण लागलं की परत येत नाहीत. पानांना मसाला लावायचाच नाही, सारणाला लावायचा.

चव फिकी लागते: गार पदार्थात चव दबते, गोडी तर जास्तच. फ्रिजमधून काढलेलं सारण तेवढंच गार असताना चाखून मीठ-मिरचीचं माप ठरवा. पण ते मीठ कालवायचं शेवटीच.

घास तोंडात मावत नाही: यावर मी जरा हट्टी आहे. एका हातात पर्स, दुसऱ्या हातानं पदर सावरत उभी असलेली बाई तुमचा घास दोनदा तोडू शकत नाही. तीन ते साडेतीन सेंटिमीटर, त्याहून मोठा नको. कवळी लावणाऱ्या आजींसाठी खाकरा, कडक पुरी नको, उकडलेल्या बटाट्यावरचे पाच-सात घास वेगळे करा आणि खुर्चीपाशी नेऊन द्या.

टूथपिकची द्राक्षं: पनीर आधी कागदावर टिपून कोरडं करा, त्याला मीठ लावू नका, चाटमसाला द्यायच्या वेळी भुरभुरा. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकतं. त्यांच्यासाठी उभे चार तुकडे करा आणि टूथपिक काढून टाका. मुलं घरात धावत असतात, हा ट्रे उंचावरच ठेवायचा.

पाणी सुटूनच गेलं तर

पाहुणे दारात आहेत आणि ट्रे ओला झालाय, असं झालं तर पुऱ्या वाचवत बसू नका. सारण चमच्यानं सगळं एका चाळणीत काढा, दोन मिनिटं निथळू द्या. तोवर शिल्लक काकडीच्या चकत्या करा, अर्धा सेंटिमीटर जाडीच्या. काकडी नसेल तर गाजराच्या तिरप्या चकत्या चालतात. निथळलेल्या सारणात दोन चमचे कूट, एक चमचा डाळं दळून, चिमूटभर जिरेपूड. चकतीवर चमचाभर सारण, वर भडंग, आणि लगेच बाहेर. सात-आठ मिनिटांचं काम आहे. चकत्याही नसतील तर छोट्या वाट्यांमध्ये घालून चमच्यासह द्या, वर गार फोडणी. सादळलेल्या पुऱ्या पाहुण्यांसमोर ठेवू नका.

त्या एप्रिलमध्ये सासूबाईंनी खुर्चीतून उठून हेच केलं होतं. चाळणी मागितली, कूट मागितलं, वाट्या पुसायला लावल्या. "मूग ऱ्हाऊ दे, नुसती कोशिंबीर दे पोरीला," म्हणाल्या. भाच्याच्या बायकोनं दोन वाट्या खाल्ल्या.